संहिता आणि प्रयोग

मराठी माणसाला ‘संहिता’ हा शब्द नाटकामुळे जवळचा झाला आहे. रंगमंचावर दिसतो तो प्रयोग आणि लेखकाने कागदावर उतरवून ठेवली ती संहिता. प्रेक्षक तिकीट काढतो ते प्रयोगाचे. संहिता त्याच्या हाती पडतेच असे नाही. तालमी पुऱ्या झाल्या, संवाद पाठ झाले, की ती वही विंगेत प्रॉम्प्टरच्या हाती जाते आणि पुढे केव्हातरी कपड्यांच्या पेटीच्या तळाशी जाऊन पडते. अशा वेळी प्रयोग रंगात आलेला असताना एखाद्या नटाला बाजूला घेऊन विचारावे की, बाबा रे, आता जे बोललास ते मुळात कसे लिहिले आहे ते दाखव. तर तो काय करील? वही जपून ठेवली असेल तर ती आणून दाखवील. नसेल तर आठवेल तसे पुन्हा लिहून देईल. एखादा नुसतीच मान हलवील आणि पुन्हा रंगमंचावर जाईल.

संगणकाच्या जगात हा प्रश्न नित्य विचारला जातो आणि त्याची उत्तरेही साधारण याच तऱ्हांची मिळतात. मी काही संगणकशास्त्राचा पदवीधर नव्हे. माझे शिक्षण सेमिनरीतले, तत्त्वज्ञानाचे आणि ईशज्ञानाचे. परंतु गेली काही वर्षे आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयात एक छोटी आज्ञावली नांदते आहे आणि तिच्या निमित्ताने हा विषय माझ्या मनात घर करून राहिला आहे. वाचकांना तो रुक्ष वाटू नये एवढीच काळजी घेऊन त्यातले चार विचार येथे मांडतो.

प्रथम ‘फंक्शन’ म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. आज्ञावलीतल्या एका भागाला स्वतंत्र नाव द्यायचे. त्या नावाने हाक मारली आणि त्याच्या ओंजळीत काही घातले, की तो ठरलेली क्रिया करून काही परत देतो. गिरणीत धान्य घालावे आणि पीठ घेऊन यावे, तसे. आमच्या आज्ञावलीतले मुख्य फंक्शन ईस्टरची तारीख काढते. त्याला वर्षाचा आकडा द्यावा; ते महिना आणि दिवस सांगते. २०२६ दिले तर ५ एप्रिल. २०३८ दिले तर २५ एप्रिल, म्हणजे हा सण जितका उशिरा येऊ शकतो तितका उशिरा. सर्वांत लवकरची तारीख २२ मार्च. ती १८१८ साली आली होती आणि आता २२८५ साली येईल.

हे गणित कोणीही कागदावर करू शकतो. तेराव्या ग्रेगरी पोपमहाशयांनी १५८२ साली दिनदर्शिका सुधारली तेव्हापासून त्याचे नियम ठरलेले आहेत. गाउस या थोर गणितज्ञाने १८०० साली ते नियम सूत्रात बांधण्याचा यत्न केला. पुढे १८७६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक रीत प्रसिद्ध झाली. न्यूयॉर्कहून ती पाठवणाऱ्याने आपले नाव दिले नव्हते. वर्षाला १९ ने भागून बाकी घ्या, १०० ने भागा, ४ ने भागा, अशा चौदा-पंधरा ओळींची ती रीत आहे. आमच्या फंक्शनमध्ये तीच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. माणसाने लिहिलेल्या या पंधरा ओळी म्हणजे सोर्स कोड. आपण त्याला मूळ संहिता म्हणू. संगणक ही संहिता एकदा वाचतो आणि तिचे आपल्या सोयीच्या अंतर्गत रूपात रूपांतर करतो. त्यानंतर त्याला मूळ अक्षरांची गरज उरत नाही. अक्षरे आपल्यासाठी असतात, त्याच्यासाठी नव्हेत. मग चालू आज्ञावलीच्या पोटातूनच एखाद्या फंक्शनला विचारता येईल का, की तुझी संहिता मला मजकूर म्हणून परत दे?

फार पूर्वी याचे उत्तर सोपे होते. जॉन मॅकार्थी यांनी १९६० साली ‘लिस्प’ या भाषेविषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला. त्या भाषेत फंक्शन हे स्वतःच शब्दांची एक यादी असे. ज्या याद्यांवर आज्ञावली काम करी, तशीच ती एक यादी. ती चालवताही येई आणि वाचताही येई. संहिता आणि प्रयोग यांच्यात पडदा नव्हता. पुढे वेगाची गरज वाढली, रूपांतरे आली आणि पडदा पडला.

आज जगभर वापरली जाणारी ‘पायथॉन’ ही भाषा घ्या. २००१ साली तिच्यात ‘इन्स्पेक्ट’ नावाचे एक साधन आले. त्यातल्या ‘गेटसोर्स’ला फंक्शन दाखवले की ते त्याची संहिता आणून देते. पण ती आणते कोठून, हे पाहण्यासारखे आहे. फंक्शनजवळ मजकूर नसतोच. त्याच्याजवळ एवढीच नोंद असते की आपण अमुक फाइलीतून आलो आणि अमुक क्रमांकाच्या ओळीपासून सुरू झालो. ‘गेटसोर्स’ त्या फाइलीकडे जाते, ती ओळ शोधते आणि तेथून फंक्शन संपेपर्यंतचा मजकूर उचलून आणते. फाइल पुसली गेली असेल तर रिकाम्या हाताने परत येते आणि तसे सांगते. हे प्रामाणिकच म्हणायचे. परंतु आज्ञावली चालू झाल्यानंतर कोणी फाइल उघडून तिच्यात फेरफार केले असतील, तर ‘गेटसोर्स’ नवा मजकूर आणून दाखवते आणि आत मात्र जुनेच फंक्शन काम करीत असते. वर चार ओळी वाढल्या असतील तर भलत्याच फंक्शनचा तुकडाही हाती येऊ शकतो. घरात राहणारा माणूस केव्हाच बदललेला असावा आणि दारावरची पाटी वाचून आपण हाक मारावी, तसा हा प्रकार. येथे कोणी खोटे बोललेले नसते. नोंद खरी असते आणि फाइलही खरी असते. त्या दोघांची गाठ तेवढी सुटलेली असते.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या ‘जावास्क्रिप्ट’ या भाषेची तऱ्हा निराळी आहे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत असताना ती तयार केली. तिच्यात प्रत्येक फंक्शनला ‘टूस्ट्रिंग’ म्हणजे ‘मजकूर हो’ अशी आज्ञा देता येते. १९९७ सालच्या तिच्या पहिल्या प्रमाणग्रंथात ही सोय आहे. पण मजकूर नेमका कसा असावा, हे ज्याने त्याने ठरवावे असे तेथे म्हटले होते. त्यामुळे दोन पंथ पडले. काहींनी मूळ मजकूर जसाच्या तसा जपून ठेवला. फायरफॉक्स ब्राउझर मात्र बरीच वर्षे संहिता फेकून देई आणि कोणी मागितली की अंतर्गत रूपावरून ती पुन्हा रचून देई. नट आठवेल तसे लिहून देतो तसेच हे. अर्थ तोच राही, आकडेही बिनचूक राहत. परंतु मूळ लेखकाची ओळींची मांडणी आणि त्याने मध्ये मध्ये माणसांसाठी लिहून ठेवलेली टिपणे नाहीशी झालेली असत. २०१२ सालच्या सतराव्या आवृत्तीपासून फायरफॉक्सही मूळ मजकूर जपू लागला. २०१९ सालच्या प्रमाणग्रंथाने तर दंडकच घातला, की फंक्शनच्या पहिल्या शब्दापासून शेवटच्या कंसापर्यंत जे लिहिले असेल ते जसेच्या तसे परत द्यावे.

पुन्हा रचलेली संहिता आणि जपलेली संहिता यांत फरक तो काय, असे कोणी विचारील. दोन्हींतून ईस्टरची तारीख एकच निघते. या शंकेला आमच्याच फंक्शनमधला एक आकडा उत्तर देतो. शेवटाकडे एका ठिकाणी ४५१ ने भागायचे असते. बहुतेक वर्षी या भागाकाराचे उत्तर शून्य येते, म्हणजे ती ओळ असून नसल्यासारखी. नवख्या माणसाला ती निरुपयोगी वाटेल आणि एखादा उत्साही सुधारक ती काढूनही टाकील. त्याने दहा-वीस वर्षांच्या तारखा पडताळून पाहिल्या तरी त्या बरोबरच येतील. पण १९८१ साल घालून पाहा. ती ओळ नसेल तर २६ एप्रिल येते, आणि २५ एप्रिलच्या पुढे तर हा सण जातच नाही. ४५१ चा भागाकार त्या वर्षी एक येतो आणि तारीख बरोबर एक आठवडा मागे ओढून १९ एप्रिलवर आणतो. १९५४ सालीही तसेच झाले; २५ ऐवजी १८ एप्रिल आली. आमच्या फंक्शनमध्ये त्या ओळीशेजारी एक टिपण आहे: “ही ओळ काढू नये; १९५४ व १९८१ तपासावे.” संगणकाला या टिपणाचा काडीचाही उपयोग नाही, तो ते ओलांडून पुढे जातो. पुन्हा रचून दिलेल्या संहितेत ४५१ हा आकडा राहील, पण तो का आहे हे सांगणारे हे वाक्य राहणार नाही. यंत्राला जे लागते तेवढेच यंत्र राखते. बाकीचे माणसानेच राखायचे असते.

हे टिपण ज्याने लिहिले तो तरुण आमच्याच धर्मग्रामातला. मुंबईत नोकरीला असताना सुटीच्या दिवशी येऊन त्याने हे काम केले. मागाहून तो कॅनडाला गेला. तो गेल्यानंतर वर्षभरात कार्यालयातला संगणक मंदावला म्हणून दुरुस्तीसाठी एक कारागीर आला. त्याने जागा मोकळी करण्याच्या भरात ज्या फोल्डरमध्ये ही आज्ञावली होती तो फोल्डरच पुसून टाकला. दुसरी प्रत कोठे नव्हती. कार्यालयातले काका हवालदिल झाले. त्यांनी कॅनडाला फोन लावला, तेव्हा तिकडे पहाट होती.

“काका, सकाळी ते पान उघडलं होतं ना? अजून पडद्यावर आहे का?” त्याने विचारले.

पान होते. कारागिराने ब्राउझर बंद केला नव्हता.

“मग काही बंद करू नका. कोणालाही हात लावू देऊ नका. फादरांना बोलवा.”

मी जाऊन बसलो. त्याने सांगितल्याप्रमाणे एफ-बारा ही कळ दाबून ब्राउझरचा आतला कप्पा उघडला. मग फंक्शनचे नाव लिहायचे, पुढे टिंब, पुढे ‘टूस्ट्रिंग’ आणि रिकामा कंस. एंटर दाबताच पडद्यावर संहिता उतरली, पंधराच्या पंधरा ओळी, मराठी टिपणांसकट. डिस्कवर तिचा मागमूस नव्हता. परंतु संगणकाच्या स्मरणात प्रयोग अजून चालू होता आणि त्याने आपली वही जवळ बाळगली होती. एकेक करून सगळी फंक्शने आम्ही अशीच काढून घेतली. वीज गेली असती तर काहीच उरले नसते. तो अर्धा तास काका पंख्याच्या बटणालाही हात लावीत नव्हते.

सगळे मिळाले असे आम्हांला वाटले, पण तसे नव्हते. फंक्शनच्या आतली टिपणे आली. त्याच्या डोक्यावर, म्हणजे पहिल्या शब्दाच्या आधी, त्याने जी ओळ लिहिली होती ती आली नाही. दंडक पहिल्या शब्दापासून पुढचा आहे. त्या ओळीत ही रीत कोठून घेतली, केव्हा लिहिली आणि कोणी तपासली, याची नोंद होती. १८७६ सालचा तो संदर्भ फोनवर त्याने आठवणीने सांगितला आणि काकांनी तो कागदावर टिपून घेतला. तो मला येथे देता आला याचे श्रेय त्या फोनला आहे.

त्याच दिवशी दुसरीही एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. ईस्टरवर अवलंबून असलेले सण मोजण्यासाठी त्याने एक युक्ती केली होती. राखेचा बुधवार ईस्टरच्या ४६ दिवस आधी येतो, झावळ्यांचा रविवार ७ दिवस आधी आणि पेन्टेकॉस्ट ४९ दिवसांनी. प्रत्येकासाठी निराळे फंक्शन लिहीत बसण्याऐवजी त्याने एक असे फंक्शन केले होते, की जे अंतर घेते आणि नवे फंक्शन घडवून देते. −४६ दिले की राखेच्या बुधवारचे फंक्शन तयार होते, ४९ दिले की पेन्टेकॉस्टचे. या घडवलेल्या फंक्शनांना आम्ही त्यांची संहिता विचारली. तिन्हींनी अक्षरशः एकच मजकूर दिला: वर्षाचे ईस्टर काढ, त्यात ‘अंतर’ मिळव, उत्तर परत दे.

अंतर किती? मजकुरात त्याचा पत्ता नाही. मजकूर एक असूनही एक फंक्शन फेब्रुवारी-मार्चमधली तारीख देते आणि दुसरे मे-जूनमधली. तो −४६ किंवा ४९ हा आकडा फंक्शनच्या मजकुरात नसतोच. ते जेथे जन्मले त्या परिसरात तो असतो आणि फंक्शन त्याची आठवण बरोबर घेऊन फिरते. संगणकाचे जाणकार याला ‘क्लोजर’ म्हणतात. संहिता मजकूर म्हणून बाहेर आली की ती आठवण मागेच राहते. तो मजकूर दुसऱ्या संगणकावर नेऊन चालवला तर तो अडतो. ‘अंतर’ म्हणजे काय ते मला ठाऊक नाही, असे सांगतो. त्याहून वाईट म्हणजे तेथे त्याच नावाचा दुसराच कोणता आकडा असेल, तर तो निमूटपणे चुकीची तारीख काढून देतो. एखाद्याचे शब्द तंतोतंत उतरवून घेतले म्हणून त्याचे सगळे म्हणणे आपल्या हाती आले असे होत नाही, हे आपण व्यवहारात जाणतो. येथे ते गणिताने सिद्ध करून दाखवता येते. ती अंतरे आम्हांला आज्ञावलीच्या दुसऱ्या भागातून शोधून काढावी लागली.

संहिता नुसती वाचून न थांबता तिच्यावर विसंबून वागणाऱ्या आज्ञावलीही असतात. गूगलने २०१० च्या सुमारास ‘अँग्युलर’ नावाची एक चौकट वेबपाने बांधणाऱ्यांसाठी पुढे आणली. तिची सुरुवातीची रीत मोठी चतुर होती. एखाद्या फंक्शनला कोणती साधने पुरवायची हे ठरवण्यासाठी ती त्याची संहिता मजकूर म्हणून मागून घेई, कंसातली नावे वाची आणि त्या नावांची साधने त्याच्या हाती देई. परंतु वेबपाने लवकर उघडावीत म्हणून प्रकाशनापूर्वी संहिता आक्रसण्याचा प्रघात आहे. त्यात टिपणे काढून टाकतात आणि लांब नावांच्या जागी ‘ए’, ‘बी’ अशी एकाक्षरी नावे घालतात. प्रयोगाला त्याने बाधा येत नाही. पण नावे वाचून साधने पुरवणाऱ्याला ‘ए’ म्हणजे कोण हे कसे कळावे? घरी तालमीत उत्तम चाललेली पाने लोकांसमोर येताच कोलमडू लागली. यावर उपाय म्हणून ती नावे फंक्शनच्या शेजारी अवतरणचिन्हांत निराळी लिहून ठेवण्याची पद्धत आली, कारण अवतरणातल्या अक्षरांना आक्रसणारा हात लावत नाही. जे सांगायचे आहे ते कोणीतरी आपल्या मजकुरावरून ओळखून घेईल अशा भरवशावर सोडू नये, स्पष्ट सांगावे, असा याचा अर्थ मी घेतो.

आता मान हलवून गप्प बसणाऱ्या नटाविषयी. जावास्क्रिप्टमध्ये काही फंक्शने ब्राउझरबरोबरच आलेली असतात. त्यांना ‘टूस्ट्रिंग’ म्हटले तर ती आपले नाव सांगतात आणि संहितेच्या जागी चौकटी कंसात दोनच शब्द देतात: ‘नेटिव्ह कोड’. अर्थ असा की मी यंत्राच्या भाषेत आहे, येथे तुम्हांला वाचण्यासारखे काही नाही. मला या उत्तराचा राग येत नाही. आपल्याजवळ दाखवायला काही नाही हे ते उघड सांगते. खोटी संहिता पुढे करण्यापेक्षा हे बरे. आणि खोटी पुढे करता येते, हेही विसरू नये. फंक्शनचा ‘टूस्ट्रिंग’ बदलून त्याच्या जागी हवा तो मजकूर बसवणे हे चार शब्दांचे काम आहे. साक्षीदाराला त्याच्याच चारित्र्याविषयी विचारण्याला जी मर्यादा असते, ती येथेही आहे.

ही मर्यादा किती खोल जाते हे केन थॉम्प्सन यांनी १९८४ साली दाखवून दिले. ‘युनिक्स’ या प्रणालीच्या निर्मात्यांपैकी ते एक. ट्यूरिंग पारितोषिकाच्या भाषणात त्यांनी एक प्रयोग सांगितला. संहितेचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला ‘कंपायलर’ म्हणतात. त्यांनी कंपायलरला असे शिकवले, की पासवर्ड तपासणाऱ्या आज्ञावलीचे रूपांतर करताना तिच्यात गुपचूप एक चोरवाट ठेवायची, आणि स्वतःचीच नवी प्रत घडवताना ही शिकवण त्या प्रतीतही उतरवायची. एवढे झाल्यावर कंपायलरच्या संहितेतून ती शिकवण खोडून टाकली. आता संहिता कोठूनही वाचा, ती निर्मळ दिसते. चोरवाट मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालत राहते. दुसऱ्याने घडवलेल्या साधनावर विश्वास ठेवताना आपण संहितेवर नव्हे, तर माणसांवर विश्वास ठेवत असतो, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

मग संहिता मागण्यात अर्थ उरला काय? मला वाटते, उरला. आमच्या गावातल्या एका वृद्ध विधवेचे मासिक अर्थसाहाय्य एकाएकी कमी झाले. तिला घेऊन मी एका कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने सौजन्याने तिचा क्रमांक घातला आणि म्हणाला, “आजी, कॉम्प्युटरमध्ये एवढेच दाखवतोय.” कोणत्या नियमाने, असे मी विचारले. त्याने पडदा आमच्याकडे वळवला; तेथे फक्त रक्कम होती. त्याच्याजवळ नियम नव्हता आणि तो लपवीतही नव्हता. त्याच्या वरच्या साहेबांनाही तो सांगता आला नाही. कोठेतरी एक फंक्शन तिचे वय, तिचे उत्पन्न, तिच्या मुलाचे रेशनकार्ड असे काही ओंजळीत घेऊन एक आकडा परत देत होते आणि त्या आकड्याला कोणी प्रश्न विचारू शकत नव्हते. ‘नेटिव्ह कोड’ हे उत्तर ब्राउझरने दिले तर चालते. म्हातारीच्या औषधपाण्याचा प्रश्न असतो तेथे ते चालू नये. संहिता मिळाली असती तर तिच्यात सगळेच सत्य सापडले असते असे नाही. थॉम्प्सन यांचा इशारा मी विसरलेलो नाही. पण भांडायला काही तरी हाती आले असते. अमुक ओळीत अमुक अट आहे आणि ती या बाईला लागू होत नाही, एवढे तरी म्हणता आले असते.

जे आपण दुसऱ्यांकडून मागतो ते प्रथम आपण द्यावे, म्हणून आम्ही धर्मग्रामात एक लहानशी प्रथा सुरू केली आहे. दरवर्षी सणांच्या तारखांचे पत्रक निघते. त्याच्या पाठपोट बाजूवर आज्ञावली स्वतःच आपल्या फंक्शनची संहिता छापते. ज्या फंक्शनने तारीख काढली त्यालाच विचारून घेतलेला तो मजकूर असतो, वेगळ्या फाइलीतून उचललेला नसतो. त्यामुळे छापलेले एक आणि चाललेले दुसरे असे होण्याची भीती नाही. मजकुरात न येणारी अंतरे, −४६, −७, ४९, ही खाली निराळी छापली जातात. डोक्यावरची ती हरवलेली ओळही आता फंक्शनच्या आत घेतली आहे. धर्मगुरूंची बदली होते, कार्यालयातले काका निवृत्त होतात, तरुण मुले परदेशी जातात. पत्रकाचा कागद मात्र घराघरांतल्या खिळ्याला वर्षभर टांगलेला राहतो.

पहिल्या वर्षी ती मागची बाजू कोणी वाचील असे मला वाटले नव्हते. पत्रक वाटल्याच्या दुसऱ्या रविवारी नववीतली एक मुलगी वहीचे पान घेऊन आली. तिने २०२७ सालचे ईस्टर हाताने काढले होते. १९ ने भागून बाकी १३, पुढे एकेक ओळ आपल्या क्रमाने, शेवटी १२०. त्याला ३१ ने भागून भागाकार ३, बाकी २७, त्यात एक मिळवून २८. म्हणजे २८ मार्च. पत्रकात २०२७ साल नव्हतेच. तिने ते आपल्या मनाने घेतले होते.

“बरोबर आहे का, फादर?” तिने विचारले.

मी आज्ञावलीत वर्ष घालून पाहिले. बरोबर होते. मग तिने ४५१ च्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाली, “ह्या वर्षी तर हिचा काही उपयोगच झाला नाही. मी १९८१ करून बघू?”

मी तिला कोरा कागद दिला.